स्टिअरिंगचा रॅक बदलताना: जुना का गेला, ते आधी शोधा

मागच्या भागात आपण ब्रेकबद्दल बोललो. आज स्टिअरिंग, आणि त्यातही एकच भाग: पॉवर स्टिअरिंगचा रॅक. जुन्या गाडीत तो झिजला की बदलायचा कसा, आणि त्याआधी तो खरंच झिजलाय का, हे ओळखायचं कसं.

ब्रेक आणि स्टिअरिंग यांच्यातला एक फरक सुरुवातीलाच सांगतो. ब्रेकच्या तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक फुटला तरी दुसऱ्यावर गाडी थांबवता येते, शिवाय हँडब्रेक असतोच. स्टिअरिंगला असा जोडीदार नाही. तुमच्या हातातल्या चाकापासून रस्त्यावरच्या टायरपर्यंत लोखंडाची एकच साखळी आहे, आणि तिची एक कडी सुटली की गाडी कुठे जायचं ते स्वतःच ठरवते. म्हणून या कामात जुगाड चालत नाही. मी जुगाडाच्या विरोधात नाही, मंडळी. तुटलेला आरसा दोरीने बांधून मीही गाडी चालवली आहे. पण इथे नाही.

मी हे जयपुरातून बोलतोय आणि इथली उदाहरणं देणार आहे. त्याला कारण आहे. रॅकचे तीन शत्रू म्हणजे धूळ, उष्णता आणि जागच्या जागी चाक वळवणं. हे तिन्ही या शहरात भरपूर मिळतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि संध्याकाळी आंधी आली की पिठासारखी बारीक वाळू बंद खिडकीतूनही घरात येते. परकोट्याच्या आतलं जुनं शहर सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये वसवलं, सरळ रेघा मारून आणि काटकोनात. दिसायला सुंदर, पण जौहरी बाजार किंवा किशनपोल बाजारात गाडी लावायची तर चार वेळा पुढे-मागे करून, गाडी उभी ठेवूनच स्टिअरिंग पूर्ण फिरवावं लागतं. उभ्या गाडीचं चाक वळवताना रॅकवर जेवढा जोर येतो, तेवढा हमरस्त्यावर कधीच येत नाही. नागपूर, सोलापूर, जळगावच्या मंडळींना यातलं काही नवीन वाटणार नाही.

आणखी एक गोष्ट. इथे जुन्या गाड्या पुष्कळ आहेत. दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल यांच्यावर बंधनं आली. राजस्थानचे अलवर, भरतपूर त्या क्षेत्रात येतात, जयपूर येत नाही. त्यामुळे तिकडच्या बऱ्याच गाड्यांनी इकडचा रस्ता धरला. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून घेतली तर पाच-पाच वर्षांनी ती वाढवता येते. अशी वाढवलेली गाडी पुढे चालवायची तर स्टिअरिंगच्या खर्चाचा प्रश्न केव्हातरी समोर येतोच.

आता हे यंत्र काय आहे ते थोडक्यात बघू. थोडक्यातच, पण एवढं कळलं की पुढचं सगळं सोपं जातं.

स्टिअरिंगचा कॉलम खाली येतो, त्याच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक असतं. हे पिनियन. त्याच्याखाली आडवा दातेरी दांडा असतो, तो रॅक. पिनियन फिरलं की दांडा डावीकडे किंवा उजवीकडे सरकतो आणि दोन्ही टोकांच्या टाय रॉडमधून चाकं ढकलतो. बस, एवढंच. ही कल्पना जुनी आहे. आपल्या अॅम्बॅसडरला रॅक-पिनियनच होतं, मारुती ८०० लाही होतं.

पॉवर स्टिअरिंगमध्ये याच दांड्यावर मधोमध एक दट्ट्या बसवलेला असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तेलाचे दोन कप्पे. पिचकारी आठवा, पण दोन्ही तोंडांनी काम करणारी. कोणत्या कप्प्यात तेल सोडायचं हे ठरवतो पिनियनच्या वर बसलेला व्हॉल्व्ह. त्याच्या आत पोलादाची एक बारीक सळई असते. तुम्ही स्टिअरिंग वळवता तेव्हा ही सळई किंचित पिळली जाते, अगदी काही अंश. त्या पिळण्याने व्हॉल्व्हची भोकं उघडतात आणि तेल योग्य बाजूला धावतं. तुम्ही जोर लावणं थांबवलं की सळई सरळ होते आणि मदत थांबते. इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा पंप हे तेल दाबाने पाठवतो. टायरमध्ये हवा साधारण दोन बार दाबाने असते. इथे चाक पूर्ण वळवल्यावर तेलाचा दाब सत्तर-ऐंशी बार किंवा त्याहून वर जातो. हा दाब अडवून धरायला काय असतं? रबराची काही सीलं. तुमच्या प्रेशर कुकरच्या रिंगचीच ही भावंडं.

फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनियरने १९२० च्या दशकात हे जमवलं, अवजड ट्रक वळवताना ड्रायव्हरचे हाल बघून. तरी कारमध्ये ते विक्रीला यायला १९५१ साल उजाडलं, क्रायस्लरच्या इम्पिरियलमध्ये. तेलाऐवजी विजेची मोटर लावणारी पद्धत सुझुकीने १९८८ मध्ये सर्व्हो या छोट्या गाडीत आणली आणि आज बहुतेक नव्या छोट्या गाड्या तशाच आहेत. आज मी तेलाच्या पद्धतीबद्दलच बोलतोय: जुनी होंडा सिटी, जुनी इनोव्हा, जुनी स्कॉर्पिओ आणि त्यांच्या वयाच्या इतर गाड्या. बोनेट उघडल्यावर स्टिअरिंगच्या तेलाची वेगळी बाटली दिसली तर हा भाग तुमच्यासाठी आहे.

एक गाडी समोर ठेवून बोलू. इथल्या मानसरोवर भागात राहणारे एक मराठी काका, बँकेतून निवृत्त झालेले. २००९ सालची पेट्रोल हॅचबॅक. २०२४ मध्ये नोंदणी वाढवून घेतली, म्हणजे २०२९ पर्यंत प्रश्न मिटला. गाडीचं नाव सांगत नाही, कारण ही त्या कंपनीची गोष्ट नाही, त्या वयाच्या कुठल्याही गाडीची आहे. तक्रार अशी की स्टिअरिंग जड लागतं, खड्ड्यात डावीकडून खटखट येते, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी तेल कमी होतं. आणि मुख्य गोष्ट म्हणजे दीड वर्षापूर्वीच एका गॅरेजात रॅक बदलून झाला होता. पुन्हा तेच. आता तिथले उस्ताद म्हणत होते, ‘साहब, रैक गया, दूसरा डाल दो.’

रॅक गेलाय यात ते चूक नव्हते. पण दीड वर्षात गेला कसा, हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. आजच्या भागाचा सगळा मुद्दा या प्रश्नात आहे, तेव्हा तो डोक्यात ठेवून पुढे चला.

आधी तपासणी. स्टिअरिंग जड झालं म्हणजे रॅक गेला असं नाही. सगळ्यात आधी टायरची हवा बघा. हसू नका, पुढच्या दोन्ही टायरमध्ये हवा कमी असली की स्टिअरिंग हमखास जड लागतं आणि हवा भरायला रॅकच्या किमतीचा हजारावा भागही लागत नाही. मग तेलाची पातळी आणि रंग. तेल काळं आणि जळका वास मारणारं असेल तर ते शिजलंय. फेस आलेला असेल तर कुठून तरी हवा ओढली जातेय. पंपाचा पट्टा सैल असेल तर चाक पूर्ण वळवताना किंचाळतो. पट्टा ठीक, तेल ठीक, तरी पंप घुरघुरतो? मग तेलाच्या बाटलीच्या तळाशी असलेली बारीक जाळी बघा. बऱ्याच गाड्यांत ती बाटलीचाच भाग असते आणि कधीच साफ होत नाही. जाळी तुंबली की पंपाला तेल मिळत नाही, पंप उपाशी राहतो आणि बदनाम होतो रॅक.

खटखटीचंही तसंच. गाडी जमिनीवर उभी ठेवा, इंजिन बंद. एकाने आत बसून स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, भराभर पण लहान झोके द्यायचे. दुसऱ्याने बाहेर वाकून एकेका सांध्यावर हात ठेवायचा. बाहेरचा टाय रॉड एंड, आतला रॅक एंड, कॉलमचा क्रॉस, रॅकचे बुश. जिथे खेळ आहे तिथे बोटाला टिचकी बसते. मग चाक जॅकवर उचला, खाली स्टँड लावा, आणि टायर घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा. खेळ जाणवला तर टाय रॉड किंवा रॅक. बारा आणि सहाच्या जागी धरून हलला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. (बेअरिंग म्हटलं की जयपूरकरांची मान जरा ताठ होते. एनबीसी बेअरिंगचा कारखाना इथलाच, १९४६ पासूनचा.)

आणि शेवटची, सगळ्यात पक्की खूण. रॅकच्या दोन्ही टोकांना अकॉर्डियनसारख्या चुण्यांचे रबरी बूट असतात. ते हाताने दाबा. आत चिळकन तेल हललं तर रॅकच्या टोकाचं सील गेलं. बूट फक्त धूळ अडवायला असतो, तेल धरायला नाही. त्याच्या आत तेल साठतंय याचा दुसरा अर्थ होत नाही.

काकांच्या गाडीचा डावा बूट दाबला आणि तेल आलं. पण ते लाल नव्हतं. काळपट, आणि बोटांत चोळलं तर करकर वाजणारं. वाळू.

आता इथे थोडं थांबतो, कारण पैसे वाचतात किंवा वाया जातात ते इथेच. तेल गळायला लागलं की पहिला सल्ला मिळतो ‘किट डाल देंगे’. म्हणजे रॅक खोलून सीलं बदलायची. हे नेहमी चुकीचं नाही. दांडा गुळगुळीत असेल, फक्त रबर वयाने कडक झालं असेल, आणि करणारा माणूस स्वच्छ जागेत, योग्य अवजाराने सील बसवत असेल तर किटवर गाडी वर्षानुवर्षं चालते. पण दांडा बाहेर निघाल्यावर त्याच्यावरून नख फिरवून बघा. सील जिथे घासतं तिथे नख अडकलं, गंजाचा ठिपका लागला किंवा ओरखडा लागला, तर नवं सील त्या ओरखड्यावर रोज घासणार आणि काही महिन्यांत फाटणार. अशा दांड्याला किट लावणं म्हणजे काचा पडलेल्या रस्त्यावर नवं टायर घालणं. रॅक खोलताना तुम्ही तिथे असा, आणि दांडा स्वतः बघा. नख लावून बघायला इंजिनियर असावं लागत नाही.

दुसरा सल्ला त्याहून घातक. खटखट येते म्हटल्यावर काही जण रॅकच्या खालचा एक नट कसून देतात. आवाज बंद होतो, शंभर-दोनशे रुपयांत काम होतं, गिऱ्हाईक खूश. तो नट काय करतो ते समजून घ्या. दांडा पिनियनला चिकटून राहावा म्हणून त्याला मागून स्प्रिंगने दाबणारा एक ठोकळा असतो, त्या स्प्रिंगचा ताण या नटाने ठरतो. आता विचार करा, आपण गाडी बहुतेक वेळ सरळ चालवतो. त्यामुळे दांड्याचे मधले दात सगळ्यात जास्त झिजतात, कडेचे जवळजवळ नवेच राहतात. मधला खेळ जाईपर्यंत नट कसला तर मध्ये ठीक वाटतं, पण वळणावर न झिजलेले दात पिनियनमध्ये आवळले जातात. मग वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही, अडकून राहतं. सपाट टोंक रोडवर हे कळणारही नाही. नाहरगडाच्या घाटात, एका वळणातून लगेच उलट्या वळणात जाताना कळेल, आणि तिथे एका बाजूला दरी आहे. कंपनीच्या पुस्तकात नट किती कसायचा याचं माप असतं. त्या मापात बसवूनही खेळ राहत असेल तर दात झिजलेत, आणि रॅक बदलायचाच.

तर काकांचा रॅक बदलायचाच होता. पर्याय तीन. गाडीच्या कंपनीचा किंवा नावाजलेल्या स्टिअरिंग कंपनीचा नवा, कुणीतरी पुन्हा बांधलेला, किंवा भंगारातल्या गाडीचा काढलेला. आपल्याकडे राणे समूह आणि पूर्वीची सोना कोयो, म्हणजे आताची जेटेक्ट इंडिया, या स्टिअरिंग बनवणाऱ्या जुन्या कंपन्या आहेत. तुमच्या गाडीच्या मूळ रॅकवर बहुधा अशाच कुणाचं तरी नाव कोरलेलं असतं. ते वाचा आणि तोच पार्ट नंबर मागा. जयपुरात पार्टसाठी लोक आग्रा रोडवरच्या ट्रान्सपोर्ट नगरला जातात. तुमच्या गावात जिथे जात असाल तिथे जा, पण पक्कं बिल आणि वॉरंटी लिहून घ्या. पुन्हा बांधलेला रॅक घ्यायला हरकत नाही, फक्त दांडा नवा किंवा पॉलिश केलेला आहे का ते विचारा. नुसता रंग मारलेला रॅक ओळखणं सोपं आहे, रंग बूटवर आणि पाइपच्या तोंडातही गेलेला असतो. भंगारातला मी घेत नाही. तो ज्या गाडीतून निघाला तिला काय झालं होतं हे कोणी सांगत नाही.

नवा रॅक बसवण्याआधी काकांच्या गाडीत दोन गोष्टी सापडल्या आणि दीड वर्षाचं कोडं सुटलं. पहिली म्हणजे बूटची पट्टी. आतल्या टोकाला धातूच्या पट्टीऐवजी प्लास्टिकची बांधणी होती. इंजिनच्या उष्णतेने ती ठिसूळ होऊन तुटली, बूट मोकळा झाला आणि प्रत्येक वळणावर दांड्याबरोबर वाळू आत-बाहेर करत राहिली. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मागच्या वेळी रॅक नवा घातला, पण पाइप आणि तेलाची बाटली जुनीच ठेवली, धुतलीही नाही. परतीचा रबरी पाइप कापून बघितला तर आतलं अस्तर सुटून काळी भुकटी झाली होती. जुन्या रॅकमधला धातूचा कीस आणि ही भुकटी पहिल्याच दिवशी नव्या रॅकच्या व्हॉल्व्हमध्ये गेली. म्हणजे नवा रॅक बसवला त्या दिवसापासूनच जुना होऊ लागला होता.

म्हणून बदलताना क्रम असा ठेवा.

गाडी समतल जागी, पुढची चाकं सरळ. आत स्टिअरिंग मधोमध ठेवून सीट बेल्टने किंवा दोरीने बांधून टाका. एअरबॅगची गाडी असेल तर हे विसरून चालणार नाही, आणि बॅटरीची तारही काढा. स्टिअरिंगच्या चाकामागे एअरबॅगची पट्टीसारखी गुंडाळलेली वायर असते. खालून रॅक सुटल्यावर वर कुणी गंमत म्हणून स्टिअरिंग गरगर फिरवलं तर ती तुटते आणि एअरबॅगचा दिवा लागतो. गॅरेजमध्ये पोरं असतात, फिरवतातच.

कॉलम आणि पिनियन जिथे जुळतात तिथे रंगाची खूण करा. टाय रॉड एंड काढताना किती आटे निघाले ते मोजा, तेवढेच परत घालायचे. तेलाच्या पाइपचे नट साध्या पान्याने काढायला गेलात तर कडा गोल होतात. त्याला पाइपचाच पाना लागतो, नट जवळजवळ सगळीकडून धरणारा. बऱ्याच गाड्यांत रॅक सबफ्रेमवर बसलेला असतो आणि सबफ्रेम थोडी खाली घ्यावी लागते. हे घरी जॅकवर करायचं काम नाही. लिफ्ट असलेल्या ठिकाणीच करा.

रॅक निघाला की परतीचा पाइप नवा, बाटली नवी किंवा पूर्ण धुतलेली, आणि पाइपांमधून ताजं तेल सोडून स्वच्छ येईपर्यंत वाहू द्यायचं. एक-दोन लिटर तेल वाया जातं. जाऊ दे. तेल कुठलं ते बाटलीच्या झाकणावर किंवा पुस्तकात लिहिलेलं असतं. लाल तेल सगळीकडे चालतं हा गैरसमज आहे. काही कंपन्या स्वतःचंच तेल मागतात, आणि चुकीच्या तेलाने रबर फुगतं किंवा कडक होतं.

नवा रॅक मधोमध आणायचा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पिनियन किती वेळा फिरतं ते मोजा, त्याचं अर्ध मागे या. हे चुकलं तर गाडी एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी वळेल, आणि ती वायर ताणली जाईल. पाइपच्या तोंडांना ओ-रिंग किंवा तांब्याचे वॉशर नवेच घाला. बूटला धातूची पट्टी. काही रॅकमध्ये दोन्ही बूटांना जोडणारी हवेची बारीक नळी असते, ती विसरली तर वळताना एक बूट फुगतो आणि दुसरा आत ओढला जातो.

आणि आता तो बोल्ट. कॉलमचा क्रॉस पिनियनच्या दंडावर बसतो आणि आडवा एक बोल्ट त्याला आवळतो. पिनियनच्या दंडाला त्या बोल्टसाठी एक खाच असते. क्रॉस पूर्ण खाली बसलेला नसेल तर बोल्ट खाचेतून न जाता दंडाच्या टोकावरून जातो. कसला जातो, घट्टही वाटतो, गाडी गॅरेजच्या बाहेर छान निघते. मग एखाद्या खड्ड्यात क्रॉस वर सरकतो आणि स्टिअरिंग हातात रिकामं फिरतं. या एका बोल्टसाठी मी गाडी लिफ्टवरून उतरू देत नाही. टॉर्च घेऊन बघतो, पुस्तकातल्या मापाने कसतो, रंगाची रेघ मारतो, आणि मालकाला बोलावून दाखवतो. तुम्ही दुसरं काहीही बघितलं नाही तरी हे बघा. मिस्त्रीला राग आला तर येऊ द्या. टाय रॉड एंडच्या नटांच्या कॉटर पिनाही नव्या हव्यात, जुन्या सरळ करून परत घातलेल्या नकोत.

हवा काढायचं काम घाईत केलं जातं आणि तिथे नवा पंप खराब होतो. पुढची चाकं वर उचलून, इंजिन बंद ठेवून, बाटली भरून, स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवा. बुडबुडे येतील, तेल उतरेल, भरत राहा. बुडबुडे थांबले की इंजिन सुरू करून तेच पुन्हा. टोकाला नेऊन दाबून धरू नका. तिथे पंप पूर्ण दाबाला असतो आणि तेल झपाट्याने तापतं. हाच नियम नंतर रोजचा. जौहरी बाजारात गाडी लावताना चाक टोकाला टेकलं की केसभर मागे घ्या, आणि जमेल तेव्हा गाडी किंचित सरकत असतानाच वळवा. रॅकचं आयुष्य वाढवायला याहून स्वस्त उपाय नाही.

व्हील अलाइनमेंट करावीच लागते, आटे कितीही नीट मोजलेले असोत. दोन-चार मिलिमीटरच्या फरकाने टायर काही हजार किलोमीटरमध्ये एका कडेने खाल्लं जातं. अलाइनमेंटनंतर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहत असेल तर चाक काढून फिरवून बसवू देऊ नका. टाय रॉडमधूनच सरळ करायचं असतं.

पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, वेग कमी. वळून हात सैल सोडा, स्टिअरिंग आपोआप मध्याकडे यायला हवं. दोन्ही बाजूंना वजन सारखं लागायला हवं. आणि ड्रायव्हिंग करणाऱ्या प्रत्येकाला घरी एवढं सांगून ठेवा की चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं किंवा पट्टा तुटला तर स्टिअरिंग एकदम जड होतं, पण तुटत नाही. दोन्ही हातांनी जोर लावला की गाडी वळते. गेलं असं वाटून घाबरून हात सोडणाऱ्यांचे अपघात होतात.

काकांची गाडी आठवड्याने परत आली तेव्हा बूट दाबून बघितले, कोरडे. तेलाची पातळी तीच. बोल्टवरची रंगाची रेघ जिथे होती तिथेच. जुना रॅक त्यांनी दुकानदाराला परत दिला, पुन्हा बांधणारे त्याचे थोडे पैसे देतात. तुम्हीही तो गॅरेजात सोडून येऊ नका. काढलेलं जुनं तेल मात्र गटारात ओतू नका, बंद डब्यात घालून वापरलेलं इंजिन ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्या. पुढच्या भागात सस्पेन्शनचे बुश घेऊ, कारण काकांची खटखट रॅकमधून गेली, पण उजव्या बाजूने दुसरी एक अजून ऐकू येते.